कात्री, डिंक आणि हरताळ

दिवाळी जवळ आली की घरोघर एक यादी तयार होते. चकलीच्या भाजणीपासून उटण्यापर्यंत जे जे आठवेल ते एखाद्या पाठकोऱ्या कागदावर उतरत जाते. पहिल्या फेरीत ती यादी म्हणजे निव्वळ गोंधळ असतो. पोह्यांच्या खाली पणत्या, पणत्यांच्या खाली वेलदोडे, आणि वेलदोड्यांच्या खाली धाकट्याची टिकल्यांची डबी. मग घरातले कोणी शहाणे माणूस ती यादी नव्याने लिहून काढते : वाण्याकडचे एका बाजूला, बाजारातले दुसऱ्या बाजूला. ती लिहून पुरी होते न होते तोच स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, खसखस लिहिलीत का?" आणि त्या सुबक यादीच्या दोन ओळींमध्ये काकपदाची खूण करून खसखस कोंबावी लागते.

ही घरगुती गोष्ट सांगण्याचे कारण असे की, संगणकावरचे काम सुकर करणाऱ्या ज्या लहानसहान सोयी आज शाळकरी पोरेही न बघता वापरतात, त्यांच्या इतिहासाच्या आरंभी अशीच एक बाजाराची यादी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी संगणकशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तेथे डग्लस एंगेलबार्ट नावाचे गृहस्थ एका मोठ्या पडद्यासमोर बसले आणि हजारभर तज्ज्ञांच्या देखत त्यांनी घरच्या सामानाची यादी टंकण्यास सुरुवात केली. त्यात केळी होती, गाजरे होती. मग त्यांनी त्या यादीतील ओळी उचलून इकडच्या तिकडे केल्या, जातवारी लावली, एकेक वर्ग मिटून ठेवला, पुन्हा उघडला. कागद नाही, खोडरबर नाही. उजव्या हातात एक लहानशी पेटी होती, ती टेबलावर सरकवली की पडद्यावरील ठिपका सरकत होता. हाच आपल्या ओळखीचा माऊस. बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्याने तो प्रथम लाकडात घडवला होता.

त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर कपाटे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर नोंदवायचे, तो गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचे, असा रिवाज होता. अशा यंत्राशी समोरासमोर बसून, शब्दागणिक, संभाषण करता येते हेच मुळी त्या सभेला अद्भुत वाटले. त्यातून ते यंत्र सभागृहात नव्हतेच. ते सुमारे तीस मैलांवर मेन्लो पार्क येथे होते, आणि त्याचे चित्र सूक्ष्म लहरींवरून सॅन फ्रान्सिस्कोस येत होते. प्रयोग दीड तास चालला. संपला तेव्हा सभा उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

एंगेलबार्ट हे तरुणपणी अमेरिकन आरमारात रडारचे तंत्रज्ञ होते. दुसरे महायुद्ध संपता संपता त्यांची नेमणूक फिलिपाइन्सला झाली. तेथे त्यांच्या वाचनात व्हॅनिव्हार बुश यांचा १९४५ सालचा एक लेख आला. मनुष्याचे ज्ञान इतके वाढले आहे की ते हाताशी ठेवणारे एखादे टेबल हवे, असा त्या लेखाचा रोख होता. ही कल्पना या माणसाच्या डोक्यात जी शिरली ती पुढे जन्मभर निघाली नाही. मनुष्याची बुद्धी आहे ती आहे, पण तिला चांगले हत्यार दिले तर ती दुप्पट काम करील, हे त्यांचे ध्येयवाक्यच म्हणा ना. माऊस हा त्यातला अगदी किरकोळ भाग होता. त्याचे पेटंट १९७० साली मिळाले, १९८७ साली संपले, आणि माऊस घराघरात पोचला तो बहुतेक त्यानंतर. त्यापासून त्यांना कसलेही मानधन मिळाले नाही.

पण एंगेलबार्टांची एक अट होती आणि तिथेच गाडे अडले. त्यांचे यंत्र शिकावे लागे. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांची एक चिमुकली पेटी असे. पेटीवर सूर धरावा तशा त्या पट्ट्या जोडीने दाबून अक्षरे उमटवायची. शिवाय आज्ञांची एक संबंध भाषा पाठ करायची. यावर कोणी कुरकुर केली तर ते तीनचाकी सायकलीचा दाखला देत. तीनचाकी शिकावी लागत नाही हे खरे, पण तिच्यावर बसून डोंगर चढता येत नाही. दोन चाकांवर तोल सांभाळायला चार दिवस गुडघे फुटतात, मग माणूस कोसच्या कोस जातो. मास्तरकी करणाऱ्या माझ्यासारख्याला हा युक्तिवाद ऐकला की मान डोलवावीशी वाटते. परंतु १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांची माणसे एकेक करून निघून गेली. बरीच जण गेली ती जवळच, पालो आल्टो गावी झेरॉक्स कंपनीने १९७० साली काढलेल्या संशोधनशाळेत. बिल इंग्लिशही गेले.

त्या संशोधनशाळेत १९७३ साली लॅरी टेस्लर नावाचा एक तरुण रुजू झाला. त्याचा जन्म न्यूयॉर्कचा, १९४५ सालचा. या कथेचा खरा नायक कोण असे मला कोणी विचारले तर मी याच्याकडे बोट दाखवीन. याचे मत एंगेलबार्टांच्या अगदी उलट होते. यंत्र शिकावे लागते हा माणसाचा दोष नसून यंत्राचा आहे, असे तो म्हणे.

त्याच्या मताला पुष्टी देणारा एक किस्सा त्या मंडळींत नेहमी सांगितला जाई. तेथे लेखनासाठी ब्राव्हो नावाची एक प्रणाली होती. प्रणाली उत्तम, पण तिच्या दोन अवस्था असत. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे. दुसरीत तीच कळ म्हणजे हुकूम होई. कोणी भाबडेपणाने, आपण लिहीतच आहोत अशा समजुतीने, इंग्रजीतला 'एडिट' हा शब्द टंकला, आणि यंत्र नेमके हुकमाच्या अवस्थेत असले, की काय होई पाहा. 'ई' म्हणजे सगळा मजकूर धरा. 'डी' म्हणजे पुसा. 'आय' म्हणजे घाला. काय घाला? तर 'टी'. दिवसभराचे लिखाण जाऊन पडद्यावर एकटा 'टी' उभा! टेस्लर यांना या अवस्थांचा इतका तिटकारा होता की, पुढे त्यांनी आपल्या मोटारीच्या पाटीवरही 'अवस्था नकोत' अशा अर्थाची अक्षरे घेतली होती.

झेरॉक्सच्या मालकीची, बॉस्टनजवळ पाठ्यपुस्तके छापणारी गिन नावाची प्रकाशनसंस्था होती. तिच्यासाठी लेखनाचे साधन करून देण्याचे काम टेस्लर व टिम मॉट या दोघांकडे आले. आता या दोघांनी जे केले ते मला फार आवडते. मॉट हे गिनच्या कचेरीत जाऊन बसले आणि तेथील संपादक मंडळी दिवसभर काय करतात ते नुसते पाहत राहिले. मंडळी काय करीत होती? आपल्याकडील कोणताही जुना संपादक करीत असे तेच. परिच्छेद कात्रीने कापायचा, दुसऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायचा, समासात खुणा करायच्या. मग या दोघांनी एकेकाला कोऱ्या पडद्यासमोर बसवले, हातात माऊस दिला आणि म्हटले, हा तुमचा कागद आहे असे समजा. आता तुम्ही काय कराल ते बोलून दाखवा. माणसे बोलत गेली : येथे बोट ठेवीन, येथपासून येथपर्यंत खूण करीन, हे कापीन, ते तेथे चिकटवीन. त्या बोलण्यावरून प्रणाली घडली. तिचे नाव जिप्सी. १९७५ साली गिनच्या संपादकांनी ती वापरून पाहिली. शब्दावर दोनदा टिचकी मारली की सबंध शब्द धरला जातो, ही युक्तीही त्यातलीच.

कापलेला मजकूर जातो कुठे, असे मला एका विद्यार्थ्याने एकदा विचारले होते. प्रश्न चांगला आहे. तो यंत्राच्या स्मृतीत एका बाजूला, दिसणार नाही असा, ठेवलेला असतो; चिकटवा म्हटले की त्याची प्रत नव्या जागी उमटते, आणि मूळ तिथेच राहते, म्हणून एकदा कापलेले दहा जागी चिकटवता येते. खऱ्या कात्रीला हे कधी साधले नसते.

टेस्लर १९८० साली ॲपल कंपनीत गेले. तेथील १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिन्टॉश या यंत्रांतून ही कात्री व हा डिंक जगभर गेला. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात झेड, एक्स, सी, व्ही ही चार अक्षरे शेजारी शेजारी आहेत. डाव्या हाताची करंगळी खालच्या कळीवर ठेवून ती सहज दाबता येतात. एक्स म्हणजे फुली, अर्थात काट मारणे. सी म्हणजे कॉपी. आणि व्ही कां? तर मजकुरात काही घालायचे असले की संपादक जी खूण करतात, ती उलटी केली की व्ही होते, असे टेस्लर यांनी सांगितले आहे. म्हणजे आपले काकपदच की हो! आपल्या पोथ्या नकलणाऱ्यांनी शतकानुशतके वापरलेली खूण त्या कळीवर उलटी होऊन बसली आहे. पोथीवाल्याचा आणि टेस्लर यांचा काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे. परंतु दोघांची अडचण एकच होती, आणि ती माझ्या खसखशीची अडचण होती.

पोथीवाल्यांचा विषय निघालाच आहे तर हरताळाबद्दलही सांगितले पाहिजे. नक्कल करताना अक्षर चुकले तर त्यावर हरताळ नावाचा पिवळा खनिज रंग फासून ते झाकून टाकीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. पण हरताळ फासलेले अक्षर परत आणता येत नसे. झेडच्या कळीने मात्र केलेले परत फिरवता येते; पुसलेले पुन्हा उभे राहते. वरकरणी ही सोय चुकणाऱ्यांसाठी आहे असे वाटते. माझा अनुभव असा की तिने माणसाला धीट केले. कादंबरीतले एखादे प्रकरण उलटे करून पाहावे, शेवट आधी आणून पाहावा, असे मनात येई. पण दोनशे पाने पुन्हा लिहिण्याच्या कल्पनेने हात मागे येत असे. आता मोडून पाहता येते, कारण परतीची वाट बुजत नाही. यामुळे कादंबऱ्या सुधारल्या की नुसत्याच लांबल्या, यावर मी माझ्यापुरता गप्प राहतो.

लेखकांना या साधनांची गोडी फार लवकर लागली. आर्थर क्लार्क यांनी '२०१०' ही आपली कादंबरी कोलंबोस बसून वर्डस्टार नावाच्या प्रणालीवर लिहिली, आणि ती सबंध कादंबरी पाच इंची एका तबकडीवर न्यूयॉर्कला पाठवली. ती १९८२ साली प्रसिद्ध झाली. हस्तलिखिताचे बाड टपालात गहाळ होण्याची धास्ती ज्याने अनुभवली आहे त्यालाच या तबकडीचे मोल कळेल.

आता लेखणी खाली ठेवून थोडे खडूकडे वळू. वार्षिक परीक्षेनंतर शिक्षकाच्या मानेवर जे भूत बसते त्याचे नाव निकालपत्रक. उभ्या रकान्यांत विषय, आडव्या ओळींत मुले. आडवी बेरीज, उभी बेरीज, शेकडा प्रमाण, क्रमांक. सगळे जुळले म्हणून सुस्कारा सोडावा, तर गणिताचे मास्तर येऊन सांगतात की एका मुलाचे चार गुण तपासायचे राहिले होते. त्या चार गुणांनी त्याची बेरीज बदलते, वर्गाची सरासरी बदलते, आणि क्रमांक लागलेली पोरे एकेक पायरी खाली उतरतात.

हेच दुःख १९७८ साली हार्वर्डच्या व्यवसायशिक्षणाच्या शाळेत डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले होते. तेथे फळ्यावर जमाखर्चाचे असे तक्ते मांडीत, आणि एक आकडा बदलला की त्याच्यामागून येणारे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. वर्गात बसल्या बसल्या त्याच्या मनात आले की, हा फळाच जर जादूचा असता! एक आकडा बदलावा आणि बाकीच्यांनी आपापले बदलून घ्यावे. त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राला हाताशी धरले. फ्रँकस्टन माळ्यावरच्या खोलीत रात्री काम करी, कारण दुसऱ्याच्या मोठ्या संगणकावर भाड्याने मिळणारा वेळ रात्री स्वस्त पडे. १९७९ साली व्हिसिकॅल्क बाजारात आले. त्रेसष्ट रकाने, दोनशे चौपन्न ओळी, आणि किंमत सुमारे शंभर डॉलर. ते ॲपलच्या दुसऱ्या यंत्रावर चाले, आणि ते चालावे एवढ्यासाठी माणसे ते अख्खे यंत्र विकत घेऊ लागली. दागिन्यासाठी तिजोरी घ्यावी तसे! तोवर घरगुती संगणक हे हौशी लोकांचे खेळणे होते. हिशेबनीस त्याच्याकडे वळले ते या तक्त्यामुळे.

दोघांनी त्याचे पेटंट घेतले नाही. १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ आले आणि त्याने व्हिसिकॅल्कला मागे सारले. १९८५ साली लोटसने ब्रिकलिन-फ्रँकस्टन यांची कंपनीच विकत घेतली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे एक्सेल आले, आणि पुढे लोटसही त्याच वाटेने मागे पडले. हा सगळा उलथापालथीचा प्रकार थोड्या वर्षांतला.

या जादूच्या फळ्याला एक खोड आहे. फळ्यावरची चूक सगळ्या वर्गाला दिसते. येथे सूत्र चौकटीच्या मागे दडलेले असते आणि समोर दिसतो तो फक्त आकडा, नीटनेटका, छापल्यासारखा, आणि म्हणून खरा वाटणारा. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाचे पंधरा हजारांहून अधिक रुग्ण सरकारी मोजणीतून गळाले. कारण काय, तर आकडे एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यात भरले जात होते, आणि त्या तक्त्यात पासष्ट हजार पाचशे छत्तीसहून अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी यंत्राने मुकाट्याने सोडून दिल्या. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्या माणसांना सावध करण्यातले मोलाचे दिवस त्यात गेले. त्याच वर्षी, तक्ता जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलून टाकतो म्हणून, शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावेच बदलली. यंत्र सुधारेना, तेव्हा बारसे पुन्हा केले!

एका शाळेत मी पाहिलेला देखावा सांगतो. एक सहशिक्षक संगणकासमोर बसून निकाल भरीत होते. शेजारी लहान गणकयंत्र. गुणांची बेरीज ते त्या गणकयंत्रावर करीत आणि उत्तर तक्त्यातल्या चौकटीत टंकीत. मी म्हटले, "सर, ही बेरीज तो तक्ता स्वतःच करतो." ते म्हणाले, "करीत असेल हो. पण माझा त्याच्यावर विश्वास नाही. आणि शिकायला सवड कुणाला आहे?" एंगेलबार्टांची तीनचाकी मला तेव्हा आठवली. टेस्लर यांनी वाट इतकी सोपी करून ठेवली की पुढे डोंगर आहे याचाच पत्ता लागत नाही. तरीही त्या सरांना मी हसलो नाही. अविश्वासापुरते तरी त्यांचे बरोबर होते.

मराठी माणसाच्या वाट्याला ही कात्री आणि हा डिंक जरा उशिराच आला. कापण्या-चिकटवण्याआधी अक्षर यंत्रात उमटले पाहिजे ना! १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा एक कळफलक ठरवला. त्यात वर्ण उच्चाराच्या क्रमाने टंकायचे. क, हलन्त आणि ष दिले की 'क्ष' यंत्र आपण होऊन जुळवते. टंकलेखनयंत्रावर अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या असे तुकडे जोडीत बसणाऱ्याला हे वरदानच होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि भारतीय लिप्यांचे पुष्कळ काम तेथे झाले. १९९१ साली युनिकोड ही जगातील लिप्यांची सामाईक क्रमावली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला पहिल्यापासून स्वतःची घरे मिळाली.

परंतु हे घरोघर पोचेपर्यंत मध्ये बरीच वर्षे गेली, आणि त्या वर्षांत आपण फाँटांच्या राज्यात राहिलो. प्रत्येक फाँट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवी, आणि प्रत्येकाची बसवण्याची रीत निराळी. फाँट हाताशी असेल तोवर मजकूर मराठी. नसेल तर नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे. एका फाँटातून कापून दुसऱ्यात चिकटवले की 'गणपती' कोण जाणे काय होऊन बसे.

माझी एक दीर्घकथा मी २००१ साली गावातल्या एका अक्षरजुळणीच्या दुकानात टंकून घेतली होती. दुकानदाराने ती तबकडीवर घालून दिली. चांगली बारा-तेरा वर्षे ती तबकडी मी कपाटात जपून ठेवली. पुढे ती वाचू शकणारे यंत्र मोठ्या शोधाने मिळाले, फाइल उघडली, आणि पडद्यावर पानेच्या पाने इंग्रजी अक्षरांची माती. दुकान केव्हाच बंद झालेले. फाँटाचे नाव मला आठवेना. आणि ते कळल्याशिवाय रूपांतर करून देणारी साधनेही काही करू शकत नव्हती. कथेत एक म्हातारी होती आणि तिचे एक लांबलचक बोलणे होते. ते मला पुन्हा तसे लिहिता येणार नव्हते.

सौभाग्यवतींनी माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात दुकानदाराला दिलेले मूळ कागद निघाले, फुलस्केप, पिवळे पडलेले. तीन जागी परिच्छेद कापून खळीने चिकटवले होते. खळ सुकून एक तुकडा सुटला होता, पण पाकिटात तळाशी पडलेला होता. म्हातारीच्या बोलण्यात लाल शाईची दोन काकपदे होती. ते पान समोर ठेवून मी ती कथा इन्स्क्रिप्टवर पुन्हा टंकली. अकरा रात्री लागल्या.